झाडं बघायला तिकीट कशाला? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी वेस्टनबर्टबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. इंग्लंडात ग्लॉस्टरशरमध्ये टेटबरी गावापासून जवळ एका जुन्या जमीनदाराच्या इस्टेटीवर लावलेला झाडांचा मोठा संग्रह आहे, त्याला आर्बोरेटम म्हणतात, आणि मी तिकडे राहत असताना दर वर्षी जायचे, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांची मुलं तिकडे आहेत असे वाचक आपल्याकडे किती आहेत ते यावरून कळलं. सगळ्यांना एकदम उत्तरं देतेय, काही पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, लेक-जावई ब्रिस्टलला असतात. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं दीड महिना जातोय. जावई म्हणतात एक दिवस तुम्हाला तिथे नेतो. आमची स्वतःची साडेतीन एकर आहे, ऊस आहे, बांधावर आंबा चिंच जांभूळ सगळं आहे. झाडं बघायला तिकीट काढून कशाला जायचं? जावयांना नाही म्हणता येत नाही म्हणून तुम्हाला विचारतो. — एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

काका, पत्र वाचून आधी हसले, कारण माझ्या बाबांनी अगदी हेच विचारलं होतं आणि मग दिवसभर तिथून हलायला तयार नव्हते.

झाडं बघायला नाही हो, झाडं कशी मांडलीत ते बघायला जायचं. बोटॅनिकल गार्डनमध्ये कसं असतं, एका कुळाची झाडं एका बाजूला, दुसऱ्या कुळाची दुसऱ्या बाजूला, शाळेतल्या वर्गासारखी. इथे तसं नाही. रॉबर्ट होलफर्ड नावाच्या माणसाने १८२९ मध्ये सुरुवात केली, तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता, आणि त्याने झाडं लावली ती चित्र काढल्यासारखी. मागे काळपट हिरवी सूचिपर्णी, पुढे लाल-पिवळी होणारी, मधून लांबलचक गवताचे रुंद रस्ते, म्हणजे चालता चालता एकदम समोर काहीतरी उघडतं. त्याच्यानंतर मुलाने, सर जॉर्जने, मेपल आणि ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझाडांचा नाद लावून घेतला आणि १९२६ मध्ये तो वारेपर्यंत हेच चाललं. आज ६०० एकर आहे, साधारण १५,००० झाडांना लेबलं आहेत, अडीच हजार प्रकार, आणि पायवाटा सगळ्या मिळून १७ मैल. सगळं बघायच्या भानगडीत पडू नका.

आता तुमच्यासाठी खास. तिथे दोन भाग आहेत, जुना आर्बोरेटम आणि सिल्क वूड, मध्ये उतरत जाणारं गवताळ माळरान. गर्दी सगळी जुन्या भागात, मेपलच्या पुढ्यात फोटो काढत असते. तुम्ही जावयांना सांगा की मला सिल्क वूडमधला जुना लाइम बघायचाय. आणि तिथे लिंबं शोधू नका बरं का! माझी मावशी खरंच वर बघत राहिली होती. इंग्रजांचा हा लाइम वेगळा, पानं पिंपळाच्या पानासारखी हृदयाच्या आकाराची पण पिटुकली. तो अंदाजे २००० वर्षांचा आहे. आणि दिसतो कसा, तर झुडपांचं रान माजलंय असा. गोल रिंगणात साठेक खोडं उभी, एकही खोड म्हातारं नाही. कुणालाही वाटेल फसवतायत. पण तुम्ही ऊसवाले, तुम्हाला एका शब्दात कळेल, खोडवा! बुडख्यापाशी तोडायचं, परत फुटू द्यायचं, वीसेक वर्षांनी परत तोडायचं, लाकडासाठी. वरचं कायम तरुण, खालचं मूळ तेच, आणि दर फुटव्याला रिंगण थोडं बाहेर सरकत गेलेलं. डीएनए तपासला तर सगळी खोडं एकाच झाडाची निघाली. म्हणजे होलफर्डने बाग मांडायच्या आधी अठराशे वर्षं ते तिथे होतं आणि त्याला कुणी लावलेलं नाही. पैठणला सातवाहन होते तेव्हाचं झाड म्हणा.

मला विचाराल तर त्या सगळ्या लाल रंगापेक्षा मला हे झुडूप जास्त आवडतं, पण हे मत लोकांना पटत नाही. घरचेही वैतागतात.

प्रश्न: आईला (वय ७८) गुडघ्याचा त्रास आहे, वीस मिनिटांच्या वर चालवत नाही. न्यावं का? आणि खायचं काय मिळतं? आम्ही शाकाहारी आहोत. — एक वाचक, डोंबिवली

न्या, नक्की न्या. मुख्य वाटा बऱ्यापैकी सपाट आहेत, बाकडी आहेत. बसून फिरायची छोटी गाडी किंवा व्हीलचेअर मिळते का ते निघायच्या आधी फोन करून विचारा आणि बुक करून ठेवा, गर्दीच्या दिवशी तिथे जाऊन मागितली तर हात हलवत परत यावं लागेल. झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारा एक लाकडी पूल आहे, २०१६ मध्ये केला, ३०० मीटर लांब आणि सगळ्यात उंच जागी जमिनीपासून साडेतेरा मीटर, पण जिना नाहीये, चढ इतका हळूहळू आहे की व्हीलचेअर आरामात जाते. आईंना तिथे आवर्जून न्या. झाड आपण जन्मभर खालून बघतो, शेंडा डोळ्यासमोर आला की वेगळंच वाटतं, आणि त्यासाठी काही चढावं लागत नाही.

खायला रेस्टॉरंट आहे, शाकाहारी मिळतं, म्हणजे सूप, सँडविच, भाजलेला बटाटा आणि त्याच्यावर चीज नाहीतर बीन्स. पोट भरतं, मन भरत नाही. घरून डबा न्या, माळरानावर सतरंजी टाकून बसता येतं, कुणी काही म्हणत नाही. आम्ही एकदा थालीपीठ आणि लोण्याचा डबा उघडला तर शेजारच्या इंग्रज आजोबांनी वास घेत घेत येऊन हे काय म्हणून विचारलं, आणि मग अर्धं थालीपीठ खाऊन गेले.

स्टेशन लांब आहे, बसचा भरवसा नाही, गाडीच बरी. ब्रिस्टल किंवा बाथहून पाऊण ते एक तास धरा. तिथून पुढे टेटबरीला गेलात तर गावाच्या अलीकडे हायग्रोव्ह लागतं, राजे चार्ल्स यांचं घर, रस्त्यावरून काहीही दिसत नाही, गाडी हळू करू नका.

प्रश्न: लेख आवडला पण एक खटकलं. हे जे बडे जमीनदार होते त्यांचा पैसा आपल्याकडून नेलेलाच ना? त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. — एक वाचक, नागपूर

रास्त आहे, लिहायला हवं होतं. पण उत्तर तुम्हाला वाटतंय तितकं सरळ नाहीये.

होलफर्डांचा पैसा मुख्यतः पाण्याचा. लंडनला पाणी आणायला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एक लांब कालवा खोदला, १६१३ मध्ये पाणी आलं, त्या न्यू रिव्हर कंपनीचे शेअर या घराकडे होते. लंडन वाढत गेलं, पाणी सगळ्यांनाच लागतं, शेअर सोन्याचे झाले. रॉबर्टला काकाकडून घबाड मिळालं आणि मग त्याने दोन्ही हातांनी खर्च केलं. लंडनमध्ये पार्क लेनवर डॉर्चेस्टर हाऊस बांधलं (ते १९२९ मध्ये पाडलं, तिथे आज डॉर्चेस्टर हॉटेल आहे), इकडे इस्टेटीवर राजवाड्यासारखं घर बांधलं, त्यात आता शाळा आहे. आणि हो, घरासमोर बागेचा देखावा नीट दिसावा म्हणून आख्खं वेस्टनबर्ट गाव उचलून बाजूला वसवलं. आपल्याकडे धरणासाठी गावं उठली, त्यांच्याकडे देखाव्यासाठी उठलं. याचा राग यायला हरकत नाही.

पण झाडांचं विचाराल तर तिथे आपला संबंध ठायी ठायी आहे. देवदार घ्या. त्याचं शास्त्रीय नावच सेड्रस देओदारा, म्हणजे आपला देवदारु शब्द जसाच्या तसा. ही झाडं १८३१ पासून इंग्लंडात लावायला लागले आणि श्रीमंतांच्या हिरवळीवर देवदार असणं ही फॅशन झाली. हिमालयातला निळसर पाइन आहे, लांब लोंबत्या सुया, त्याचं नाव वॉलिचियाना, नॅथॅनिएल वॉलिक या डॅनिश डॉक्टरवरून, जो ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारावर कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचा प्रमुख होता आणि इथून तिकडे रोपं-बिया पाठवायचा. ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे आपल्या उत्तराखंडातला बुरांश आणि त्याचे भाऊबंद, त्यातले बरेच जोसेफ हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ ते १८५० मध्ये सिक्कीममधून गोळा केले. तेव्हा पैसा लंडनच्या पाण्याचा असला तरी झाडं आली ती कंपनीच्याच वाटेने.

गंमत म्हणजे त्या निळ्या पाइनने तिथे जाऊन संसार थाटला. शेजारी मेक्सिकोचा पाइन लावलेला, वाऱ्याने पराग उडाले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या बियांतून एक नवीनच झाड निघालं, आई मेक्सिकोची, बाप हिमालयातला. निसर्गात या दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं, मध्ये अख्खा समुद्र. त्याला आता होलफर्ड पाइन म्हणतात. बापाचं नाव न लावता घरमालकाचं लावलंय!

आणि तुम्ही नागपूरचे म्हणून एक. तिथे प्रचंड मोठी वेलिंग्टोनिया आहेत, कॅलिफोर्नियातलं झाड, बिया १८५३ मध्ये आल्या. ड्यूक ऑफ वेलिंग्टन आदल्याच वर्षी वारला होता, म्हणून जगातल्या सगळ्यात थोर झाडाला त्याचं नाव दिलं, अमेरिकन चिडले, आमचं झाड आणि नाव तुमच्या सरदाराचं! शास्त्रीय नाव नंतर बदललं पण इंग्लंडात लोक अजून वेलिंग्टोनियाच म्हणतात. हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या झाडाची साल स्पंजासारखी मऊ आणि जाड असते, वणव्यापासून वाचायला. मुठीने गुद्दा मारला तरी हाताला लागत नाही. तुम्ही गेलात तर नागपूरकरांच्या वतीने एक मारून या, मी मारलाय.

प्रश्न: पानं लाल का होतात ते सोप्या भाषेत सांगाल का? आणि नेमकं कधी जायचं? आमच्या मुलीने १ नोव्हेंबरचं बुकिंग केलंय. — एक वाचक, नाशिक

हिरवा रंग हरितद्रव्याचा. दिवस लहान झाले, थंडी वाढली की झाड पानातला माल आवरायला लागतं, हरितद्रव्य मोडून उपयोगाचं खोडात ओढून घेतं, आणि खाली आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे पिवळं नवीन होत नाही, लपलेलं दिसतं. लाल मात्र नवीन तयार होतं, पानात अडकलेल्या साखरेपासून, आणि दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा असेल तर जास्तच. तुम्ही हा लाल रंग बघितलाय, आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते ना, किंवा मार्चमध्ये सह्याद्रीत कुसुमाचं झाड पेटल्यासारखं दिसतं, रंग त्याच जातीचा, अँथोसायनिन. फरक एवढाच की आपल्याकडे झाड नटतं ते पान येताना आणि त्यांच्याकडे जाताना.

साधारण ऑक्टोबरचा दुसरा ते चौथा आठवडा भरात असतो, पण दर वर्षी पुढे-मागे, आणि एक वादळ आलं की रात्रीत खेळ खलास. १ नोव्हेंबरला काही मेपल उघडी पडली असतील, काही उशिराची रंगात असतील. रद्द करू नका. फक्त एक लक्षात ठेवा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि पावणेपाचलाच अंधारतं. मी पहिल्या वर्षी हे विसरून चार वाजता सिल्क वूडमध्ये शिरले, पांढरे बूट घालून, आणि मग फोनच्या टॉर्चवर चिखलातून परत आले, ते बूट नंतर कायमचे चॉकलेटी झाले. सकाळी दार उघडताना पोचा. आणि त्या सुमारास शाळांना आठवडाभर सुट्टी असते तेव्हा पार्किंगमध्येच अर्धा तास जातो.

आणि नाक उघडं ठेवा. जुन्या भागात चालताना मध्येच साखर भाजल्याचा वास येतो, पाक लागायला आला की येतो ना तसा, किंवा जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा. लोक स्टॉल शोधतात. तो कात्सुरा नावाच्या जपानी झाडाच्या गळणाऱ्या पानांचा वास असतो, त्यात माल्टोल नावाचं द्रव्य असतं, साखर भाजताना तयार होतं तेच. गंमत म्हणजे पान हातात घेऊन हुंगलं तर फारसा येत नाही, चार पावलं लांब गेलं की येतो.

प्रश्न: आम्ही मे महिन्यात जातोय, मग काही उपयोग नाही ना? — एक वाचक, गोवा

कोण म्हणतं! मे महिना तर मला जास्त आवडतो, गर्दी नाही, उजेड रात्री नऊपर्यंत, ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले, आणि एप्रिलच्या शेवटापासून सिल्क वूडमध्ये झाडांखाली निळ्या ब्लूबेलचा गालिचा. त्यातही रुमालाचं झाड बघा, डेव्हिडिया, फांद्यांना पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखे दिसतात. या झाडाच्या बिया आणायला १८९९ मध्ये एका इंग्लिश नर्सरीने अर्नेस्ट विल्सन या पोराला चीनला पाठवलं, तो पंचविशीच्या आत होता, चिनी भाषा येत नाही, हातात एक कच्चा नकाशा आणि त्यावर एक खूण, की अमुक अमुक जागी हे झाड आहे. महिनोन्‌महिने प्रवास करून तो तिथे पोचला तर झाडाच्या जागी बुंधा, आणि शेजारी त्याच लाकडाचं नवंकोरं घर! पठ्ठ्या रात्रभर झोपला नाही म्हणे. पण नंतर दुसरीकडे सापडली त्याला झाडं. आज त्या झाडाखाली उभं राहून लोक आइस्क्रीम खातात.

डिसेंबरवाल्यांसाठी एका ओळीत, सालींकडे बघा, पेपरबार्क मेपलची दालचिनीसारखी सुटणारी साल थंडीतच खुलते, आणि संध्याकाळी लायटिंग असतं त्याचं तिकीट वेगळं.

प्रश्न: जपानी मेपल पुण्यात कुंडीत येईल का? ऑनलाइन बिया मिळतायत, निळ्या मेपलच्यासुद्धा. — एक वाचक, औंध

निळा मेपल जगात नाही, पैसे वाचवा. लाल मेपल येईल का, तर रुजेल कदाचित, पण त्याला हिवाळ्यात चांगली झोप लागते, काही आठवडे कडक थंडी, ती पुण्यात मिळत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये पानांच्या कडा करपतात. रंग तर नाहीच येत. लाल पालवी हवी असेल आणि जागा असेल तर कुसुम लावा, जागा नसेल तर शेजाऱ्याच्या आंब्याकडे बघा. आणि तिकडून येताना बॅगेत बिया किंवा रोप टाकून आणू नका, २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. हा उगाचचा कागदी घोडा नाहीये, इंग्लंडात २०१२ पासून अॅश झाडांना एका बुरशीने ग्रासलंय, वेस्टनबर्टमध्येही अॅश तोडावे लागले, आणि ती बुरशी मूळ पूर्व आशियातली.

प्रश्न: कुत्रा नेता येतो का? — एक वाचक, सध्या स्विंडन

सिल्क वूडमध्ये हो, जुन्या आर्बोरेटममध्ये नाही.

प्रश्न: मी चौथीत आहे. आम्ही दिवाळीत काकाकडे जाणार आहोत. मला झाडाची पानं तोडून वहीत चिकटवायची आहेत. चालेल का? बाबा म्हणाले तुम्हाला विचार. — कोल्हापूर

तोडायची नाहीत रे बाळा, रोज हजारो माणसं येतात, प्रत्येकाने एक तोडलं तर झाडावर काय राहील? पण एक युक्ती सांगते. पांढरे कागद आणि मेणाचे खडू घेऊन जा. कागद खोडावर धरायचा, काकाला घट्ट धरायला सांगायचं, आणि खडू आडवा करून घासायचा. सालीची नक्षी कागदावर उठते, नाण्याची उठते ना तशी. खाली लेबल असतं त्यावरचं नाव आणि देश कोपऱ्यात लिहायचा. बर्च करून बघ, ओक करून बघ, प्रत्येकाची नक्षी वेगळी. वेलिंग्टोनियावर मात्र करू नकोस, साल इतकी मऊ आहे की खडू घासायला गेलं की कागद आत जातो आणि फाटतो, माझे तीन फाटले.